खाऱ्या वाऱ्यात टिकतील असेच हीट पंप द्या : माननीय ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील समुद्रकाठच्या घरांसाठी पाणी तापवणारे हीट पंप

महोदय,

सविनय नमस्कार. वांद्र्यापासून गोराईपर्यंतच्या पट्ट्यात इमारतींच्या वीज आणि गरम पाण्याच्या व्यवस्थेची कामे मी करते. हल्ली सोसायट्यांचे सेक्रेटरी भेटले की एक प्रश्न हमखास येतो : गीझर काढून हीट पंप बसवू का? माझे उत्तर घर पाहिल्याशिवाय देता येत नाही. राज्य सरकार हीट पंपांना अनुदान द्यायला निघाले, तर त्यानेही घर न पाहता ते देऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

या यंत्राची बाजू आधी मांडते, कारण मी त्याच्या बाजूची आहे. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो; हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. विजेने पाणी तापवायचे नसते, फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायचा असतो. चौघांच्या घराला रोज 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला साध्या गीझरला सुमारे 2.3 युनिट लागतात. हीट पंपाला त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे पाऊण युनिटाच्या आसपास. थंड देशांत हिवाळ्यात या यंत्राच्या कॉइलवर, म्हणजे हवेतली उष्णता ओढणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ धरतो आणि तो वितळवण्यातच वीज जाते. मुंबईत जानेवारीची पहाटसुद्धा एवढी गार नसते, आणि आपल्या हवेतला दमटपणा तर इथे फायद्याचाच : कॉइलवर बाष्पाचे पाणी होताना तीही उष्णता यंत्राला मिळते. शिवाय यंत्रातून बाहेर पडणारी हवा गार आणि कोरडी असते. स्वयंपाकघरालगतच्या ड्राय बाल्कनीत ती मे महिन्यात कुणाला नको आहे?

आता हिशेबाची दुसरी बाजू. महिन्याला वाचतात सुमारे 45 युनिट. युनिटला आठ ते दहा रुपये धरले तर वर्षाला पाच हजारांच्या आतबाहेर. घरगुती हीट पंप मात्र गीझरच्या कित्येक पट महाग आहे. म्हणजे पैसे वसूल व्हायचे तर यंत्राने दहा-बारा वर्षे तरी बिनतक्रार चालले पाहिजे. सगळा व्यवहार यंत्राच्या आयुष्यावर उभा आहे, आणि ते आयुष्य समुद्र खातो.

वर्सोवा, जुहू, मढ, मार्वे इथल्या कुठल्याही एसी मेकॅनिकला विचारा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा मीठ घेऊन थेट पश्चिमेच्या भिंतीवर येतो. कॉइलमधली तांब्याची नळी आणि अॅल्युमिनियमच्या पात्या जिथे एकमेकींना चिकटतात तिथे मीठ आणि ओल मिळून आधी अॅल्युमिनियम संपते. बोट लावले तर पात्यांचा भुगा हाती येतो. मग स्टँड गंजतो, पत्रा गळतो, कुठेतरी बारीक भोक पडून गॅस उडतो. खाडीकाठी आणि नाल्याकाठी सांडपाण्याच्या वायूंनी तांबेसुद्धा काळे पडते. हीट पंपाची कॉइल याच हवेत, वर्षभर, रोज चालणार आहे. एसी निदान पावसाळ्यात थोडी विश्रांती घेतो.

यावर उपाय आहेत आणि ते कारखान्यातच करायचे असतात : कॉइलला इपॉक्सीचा लेप, 316 दर्जाच्या स्टेनलेसचे नटबोल्ट, हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेला स्टँड. बसवताना यंत्र पूर्वेच्या किंवा आडोशाच्या भिंतीला घ्यायचे, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर कॉइल गोड्या पाण्याने धुवायची. आडोसा म्हणून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पायपांच्या अरुंद उभ्या पोकळीत, मात्र कोंबायचे नाही. तिथली हवा गार होऊन तीच परत परत ओढली जाते आणि बचत संपते. ही चूक मी खूप ठिकाणी पाहते.

घरांचे बोलायचे, तर वेसावे (म्हणजेच वर्सोवा), खारदांडा, मनोरी, गोराईच्या कोळीवाड्यांत आणि गावठाणांत घर स्वतःचे असते, वर एखादा मजला, मागे थोडी जागा. आजही काही घरांत तांब्याचा बंब निघतो आणि दिवाळीच्या पहाटे पेटतोही. या घरांना छोटा, स्वतंत्र हीट पंप शोभतो. पण समुद्र इथेच सर्वांत जवळ. गल्ल्या इतक्या अरुंद की यंत्राची घरघर शेजारच्याच्या उशाशी जाते. शिवाय अनेक घरी विहिरीचे किंवा बोअरचे मचूळ पाणी असते. पालिकेचे तलावातून येणारे पाणी टाकीला त्रास देत नाही, हे मचूळ पाणी मात्र देते. टाकीऐवजी स्वतः झिजणारा, टाकीतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड वेळेवर बदलला नाही, तर कॉइल शाबूत राहूनही टाकी फुटते. अनुदान देताना तो रॉड बदलण्याची सेवाही त्यातच धरा.

अंधेरी, मालाड, बोरिवलीच्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्यांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि माझे बहुतेक काम तिथेच असते. प्रत्येक फ्लॅटला वेगळा हीट पंप लावायला ना छज्जा पुरतो ना खिसा. खरे उत्तर गच्चीवरचे सामाईक यंत्र. पण 2000 लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन दोन टन. तीस वर्षांपुढच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक असतेच. त्या अहवालात गच्ची हे वजन पेलेल की नाही, हे एका ओळीत लिहून घेता येईल. ती ओळ नसल्यामुळे जनरल बॉडीत विषय निघतो आणि तिथेच विरतो. दुसरी अडचण पायपांची. गच्चीवरून प्रत्येक न्हाणीघरात गरम पाण्याची नवी, नीट गुंडाळलेली लाइन टाकायची तर भिंती फोडाव्या लागतात, आणि लाइन लांब असली की बरीच ऊब वाटेतच जाते. म्हणून ज्या इमारती पाच-सात वर्षांत पुनर्विकासाला जाणार आहेत, तिथे मी हीट पंप सुचवत नाही.

पण पुनर्विकासात ही व्यवस्था आराखड्यातच हवी. गरम पाण्याची उभी लाइन, टाकीचा भार धरलेला स्लॅब, यंत्रासाठी वाऱ्याची जागा. ही गोष्ट नगरविकास खात्याकडे जाते याची मला कल्पना आहे. आपण ती त्यांच्यापुढे मांडावी. टॉवरच्या गच्चीवर सौर पाणीतापक बसवले तरी गच्ची तेवढीच आणि मजले तीस, त्यामुळे त्यांचा लाभ वरच्या काही घरांपलीकडे जात नाही, आणि पावसाळ्यात तोही थांबतो. तिथे सामाईक हीट पंप हे काम बारा महिने करू शकतो.

एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, 300 चौरस फुटांच्या घरात मात्र हीट पंपाचे उद्दिष्ट कृपया लादू नका. टाकीला जागा नाही, बाहेर हात पोचेल अशी भिंत नाही. आर-290 सारखा पर्यावरणाला सौम्य पण ज्वालाग्राही वायू असलेले यंत्र बंद मोरीत लावणे तर धोक्याचे आहे. या घरांची खरी निकड वेगळी आहे : न्हाणीघरातला गॅस गीझर. कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या मुंबईत दर काही काळाने येतात. तिथे चांगल्या स्टार रेटिंगचा छोटा विजेचा गीझर आणि तो पेलणारी वायरिंग यांना मदत द्या. तेवढ्यानेही एखाद्या घरातला जीव वाचतो.

उजाला योजनेत केंद्राने एकत्र खरेदी करून एलईडी दिव्याची खरेदी किंमत 2014 मधील 310 रुपयांवरून दोन वर्षांत 38 रुपयांवर आणली. हीट पंपासाठीही तो मार्ग घ्यावा असे मला वाटते, पण दिवा कुणीही फिरवून बसवतो, हे यंत्र तसे नाही. खरेदीच्या अटींत समुद्रापासूनचे अंतर धरून कॉइलचा लेप, मिठाच्या फवाऱ्याची चाचणी आणि किमान दहा वर्षांची सेवा यांची सक्ती हवी. स्वस्त निविदेने घेतलेले उघड्या कॉइलचे यंत्र मढला तीन-चार पावसाळ्यांत भंगारात जाईल आणि लोक हीट पंपालाच नावे ठेवतील. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम आहेच. त्यात हीट पंप आणि ज्वालाग्राही वायू हाताळण्याचे प्रशिक्षण जोडले, तर कोळीवाड्यातल्याच मुलामुलींना घराशेजारी काम मिळेल.

विजेच्या दराचेही असेच. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी दिवसाच्या वेळेप्रमाणे दर आणले आणि उन्हाच्या तासांत वीज स्वस्त ठेवायला सांगितले. हीट पंपाच्या टाकीत दुपारी तापवलेले पाणी रात्रीपर्यंत, चांगले गुंडाळले तर सकाळपर्यंतही ऊन राहते, आणि दुपारची हवाही यंत्राला सर्वांत सोयीची असते. घरगुती ग्राहकाला तो दर खरोखर मिळतो आहे की नाही, हे आपण वीज नियामक आयोगापुढे लावून धरावे.

आणि अनुदान जाहीर करण्याआधी एक काम महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडून करून घ्या. वेसाव्यातले एक घर, मढचे एक, जुहूची एखादी जुनी सोसायटी आणि तुलनेसाठी समुद्रापासून दूर मुलुंडची एक इमारत, अशा ठिकाणी वेगवेगळ्या लेपांची यंत्रे बसवा. दोन पावसाळे ती चालू द्या. किती युनिट लागले, कोणती कॉइल गळली, दुरुस्तीला किती खर्च आला, हे सगळे मराठीत, कुणालाही पाहता येईल असे प्रसिद्ध करा. जागा आणि सोसायट्या शोधायला मी विनामोबदला मदत करीन.

कळावे,

आपली नम्र,
इमारत सेवा क्षेत्रातील एक अभियंता,
मालाड (पश्चिम), मुंबई