अक्कलकोट रोडच्या अण्णांना, आईच्या गाडीबद्दल

अण्णा, नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत बसणाऱ्यातले नाही हे माहितेय, पण तुमचा पोरगा दिवसभर मोबाईलमध्येच असतो, तो दाखवेल तुम्हाला. तुमच्या गॅरेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हीच म्हणालात ना, "गाड्या लावायला जागा नाय, अजून गर्दी कशाला." सोलापूरच्या एमआयडीसीत ज्यांना तुम्ही माहीत आहात त्यांना कळेलच.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आईची गाडी म्हणजे 2010 ची आय-टेन, कप्पा इंजिन, ऑटोमॅटिक. आजकाल ऑटोमॅटिक म्हटलं की लोकांना एएमटी वाटते, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर मशीन टाकतं. ही तसली नाही, ही जुनी चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधनं गिअरबॉक्सला पोचते. आईच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, क्लच दाबणं तिला शक्यच नाही, म्हणून घेतली होती, तेव्हा सोलापुरात असली गाडी शोधून सापडायची नाही आणि बाबा म्हणायचे, "विकायच्या वेळी कोण घेणार बे ही." पण विकायचा विषयच कधी आला नाही. शाळा, बँक, मार्केट, मंगळवारी तुळजापूर, सगळं तिचं ती. कुणाला "जरा सोडता का" म्हणावं लागत नाही, आणि हे काय असतं ते ज्याला रोज म्हणावं लागतं त्यालाच विचारा.

यंदा उन्हाळ्यात गाडी नाटकं करायला लागली. लिव्हर डीला टाकला की गाडी विचार करत बसायची आणि मग एकदम धक्का. तुळजापूरच्या घाटात तर आरपीएम चढतोय, इंजिन ओरडतंय, गाडी मात्र पुढं सरकायला तयार नाही. मागं एसटी हॉर्न मारतेय. आई घरी आली ती गप्पच होती.

मग आमची वरात निघाली. आधी एका मोठ्या गॅरेजात, एसीची वेटिंग रूम, कॉफीचं मशीन वगैरे. ऑइल कधी बदललं होतं विचारलं तर म्हणाले ऑटोमॅटिकचं ऑइल लाइफटाइम असतं, ते बदलायचंच नसतं. बरं, लाइफटाइम कुणाचं? गाडीचं की ऑइलचं? आणि त्याच तोंडानं पुढं म्हणाले गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पाऊण लाखाच्या पुढं धरून चाला. डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, काढून बघितली का? नाही. बॉनेट उघडलं, मान हलवली, बंद केलं. दुसरीकडं एकानं सांगितलं कुठलंबी लाल ऑइल चालतंय, आहे त्यात टॉपअप मारू. नशीब आईनं किल्लीच दिली नाही. आणि तिसरे महाशय, हे तर मी विसरणार नाही, आईकडं बघून मला म्हणाले, "गाडी काढून टाका, मॅडमला साईडची चाकं लावून स्कूटी घ्या." मला म्हणाले. ती शेजारीच उभी होती, काठी टेकून.

हे सगळीकडंच झालं, म्हणून लिहितोय. प्रत्येक जण माझ्याशी बोलत होता. गाडीला काय होतंय हे मला विचारत होते, मी ती गाडी महिन्यातून एखाद वेळ चालवतो, पुण्याहून आलो की. आई काही सांगायला लागली की "हो हो मॅडम" म्हणायचं आणि परत माझ्याकडं वळायचं.

तुमच्याकडं आलो ते शेजारच्या लूमवाल्या काकांच्या सांगण्यावरून. पत्र्याचं शेड, बाजूला पॉवरलूमची खटखट, बसायला एक स्टूल. खरं सांगतो अण्णा, मला वाटलं इथं काय होणार. तुम्ही हात पुसत आलात आणि मला पहिला प्रश्न केलात, "गाडी कोण चालवतं?" मी म्हटलं आई. बस, त्यानंतर तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही. "अक्का, सांगा, गार असताना धक्का देते का गरम झाल्यावर? पहिल्यातनं दुसऱ्यात जाताना का वरच्या गिअरला? रिव्हर्सला पण असंच?" आणि आईनं फडाफड सांगितलं सगळं, कुठल्या स्पीडला, कुठल्या चढाला, एसी चालू असला की काय आणि नसला की काय. तिला एवढं माहीत आहे हे मलाही माहीत नव्हतं, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही इंजिन चालूच ठेवलंत, लिव्हर सगळ्या गिअरमधनं फिरवून न्यूट्रलला आणलात, डिपस्टिक काढलीत, पुसलीत, परत बुडवलीत, आणि दुसऱ्या हातानं खिशातला धुतलेला पांढरा रुमाल काढून दोन्ही आईच्या हातात दिलंत. "तुमची गाडी हाय अक्का, तुमीच बघा."

अण्णा, बिल, गिअर, धक्का, सगळं एकीकडं आणि ते एकीकडं. आईनं ते ऑइल रुमालावर टिपलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "करपलेल्या फोडणीचा वास येतोय." तुम्ही जोरात हसलात आणि म्हणालात, "बरोबर. झालं निदान." नवीन एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, बहुतेक लालभडक असतं, त्यात लाल रंगच घालतात म्हणजे गळती झाली तर इंजिन ऑइल कुठलं आणि हे कुठलं ते कळावं, आणि आमच्या रुमालावरचा डाग तपकिरी, जवळजवळ काळा. तो रुमाल आईनं घरी आणलाय. धुवू देत नाही.

काम कसं केलंत ते सगळं लिहीत बसत नाही, ते तुमचं तुम्हाला. पण दोन गोष्टी सांगतोच, कारण असल्या जुन्या गाड्या ठेवणारे अजून आहेत लोक. एक, तुम्ही मशीन लावून फ्लश करायला साफ नाही म्हणालात. इतक्या वर्षांची घाण एकदम जोरानं हलवली तर वॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइल कुठल्या गिअरला जायचं ते ठरवणाऱ्या बारीक वाटांत, जाऊन बसू शकते आणि चालती गाडी बंद पडू शकते. त्यापेक्षा खालनं निघेल तेवढं काढायचं, नवीन घालायचं, थोडी चालवायची, परत तेच. एका वेळी निम्म्याच्या आसपासच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणून एकदा बदलून भागत नाही. दुसरं, ऑइल एसपी-थ्रीच, म्हणजे या गिअरबॉक्ससाठी कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच. तुम्ही दुकानदाराला फोनवर झापलंत, "लाल हाय म्हणून आंबा बी देशील काय!" इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं, हे ऑइल आतल्या क्लच प्लेटा दाबून धरतं, गिअर टाकायचं प्रेशर तेच देतं, उष्णता तेच बाहेर काढतं, त्यामुळं प्लेटांनी किती धरायचं आणि किती घसरायचं हेसुद्धा त्या ऑइलवर ठरतं. आणि आपल्याकडं मे महिन्यात 42 च्या वर पारा, त्यात सात रस्त्याचं ट्रॅफिक, ते ऑइल करपणार नाही तर काय होणार.

(मी नंतर रात्री वाचत बसलो तर कळलं की अमेरिकेत 1970 च्या दशकापर्यंत या ऑइलमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालायचे, घर्षण नीट राहावं म्हणून. पुढच्या वेळी चहाला आलो की सांगतो, तुम्हाला आवडेल.)

आणि तुम्ही खोटा धीर दिला नाहीत, हे महत्त्वाचं. निघालेलं ऑइल कापडातनं गाळलंत, बोटांत चोळून बघितलंत, धातूचा चमकणारा चुरा नाही म्हणालात, आणि तरी स्पष्ट सांगितलंत की प्लेटा आधीच झिजल्या असतील तर ऑइलनं काही होणार नाही, तसं असेल तर मी पैसे घेऊन गप्प बसणार नाही, सांगेन. आमच्यासारख्याला एवढंच पाहिजे असतं ओ. होणार नसेल तर होणार नाही म्हणा, पण आधी बघा तरी. पाऊण लाखाचा आकडा फेकायला काय लागतं.

ट्रायलला निघालात तेव्हा मी सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडं गेलो तर तुम्ही मला मागं बसवलंत. आई चालवतेय, तुम्ही शेजारी डोळे मिटून गिअर ऐकताय, मी मागं तुमच्या पान्याच्या पिशवीशेजारी. धक्का पूर्ण गेला नव्हता पहिल्या वेळी. दुसऱ्यांदा बदलल्यावर गेला. परवा मंगळवारी आई तुळजापूरला जाऊन आली, घाटात एसटीला तिनंच ओव्हरटेक केलं असं म्हणते, मी नव्हतो त्यामुळं खरं खोटं देवी जाणे.

आता तक्रार. दुसऱ्या वेळची मजुरी तुम्ही घेतली नाहीत, "काम एकच हाय, दोन हप्त्यात केलं" असं काहीतरी म्हणालात. आई त्यावरनं अजून कुरकुरतेय. शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवली ती त्याच्या बदल्यात नाही असं तिनं बजावून सांगितलंय, हिशोब वेगळा. दिवाळीला आलो की तिसरी खेप करायची म्हणालात ना, एसपी-थ्रीचे डबे मीच पुण्याहून घेऊन येतो, तुम्ही फक्त दिवस सांगा. पाडव्याचा नको, त्या दिवशी तिला गाडी लागणार आहे.