बाळंतिणीचे रक्त गोठते की नाही, हे खाटेशेजारीच कळू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

खानदेशातील सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात रक्त गोठण्याची तपासणी किती उशिरा हाती पडते, ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

एका पावसाळी रात्री सातपुड्यातल्या एका पाड्यावरून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणि तिथून १०८ने आणलेल्या बाळंतिणीचा नमुना निळ्या झाकणाच्या व्हायलमध्ये माझ्याकडे आला. तो यंत्रात फिरवून, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग वेगळा करून पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या लावेपर्यंत पाऊण तास गेला. फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून गुठळी बनते ते रक्तातले प्रथिन, मोजण्याचे रसायन संपलेले असल्याने ती तपासणी बाहेर पाठवावी लागली. दारात तिची सासू विचारत होती, "भाऊ, रगत थांबनं का?" मी कागद घेऊन वर गेलो, तेव्हा तिला शस्त्रक्रियागृहातून बाहेर आणत होते. ती वाचली, पण गर्भाशय काढावे लागले होते. फायब्रिनोजेनचा आकडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला.

अशा रक्तस्रावात गुठळीचा पाया असलेले फायब्रिनोजेन बहुधा सर्वांत आधी घसरते. दिवस भरलेल्या स्त्रीमध्ये ते लिटरला साधारण ४ ते ६ ग्रॅम असते आणि २च्या खाली गेले की रक्तस्राव गंभीर होण्याची दाट शक्यता असते. आमच्या छापील रिपोर्टवर मात्र 'नॉर्मल २ ते ४' असे लिहिलेले असते, जे गरोदर नसलेल्यांसाठी आहे. त्यामुळे २.१ हा आकडा कोणत्याही खुणेशिवाय बाहेर पडतो आणि घाईत असलेला डॉक्टर निर्धास्त होतो. ही छपाई बदलायला एक रुपयाही लागणार नाही.

रोटेम किंवा टेग या गुठळी तपासणाऱ्या यंत्रांवर प्लाझ्मा वेगळा न करता रक्ताचा थोडा नमुना थेट लावता येतो आणि गुठळी किती घट्ट बनते याचा अंदाज साधारण दहा मिनिटांत मिळतो. वेल्समध्ये २०१७पासून सर्व प्रसूती विभागांत रक्तस्राव मोजणे, वेळीच वरिष्ठांना बोलावणे आणि खाटेशेजारी अशी चाचणी करणे हे एकत्र राबवले गेले आणि फार मोठ्या रक्तस्रावांचे प्रमाण घटले. याचे श्रेय एकट्या यंत्राला देणे योग्य नाही. बहुतेक वेळा दोष गर्भाशय न आवळण्याचा असतो. तिथे ऑक्सिटोसिन, मसाज आणि पहिल्या तीन तासांत रक्तस्राव आवरणारे एक ग्रॅम ट्रॅनेक्झामिक ॲसिड यांना पर्याय नाही आणि चाचणीसाठी ते थांबवूही नयेत. चाचणी उपयोगी पडते ती पुढचे ठरवायला. प्लाझ्माच्या पिशवीत फायब्रिनोजेन लिटरला सुमारे २ ग्रॅमच असते, म्हणून ते खूप खाली गेले असेल तर प्लाझ्मा ओतत राहून भागत नाही, क्रायोप्रेसिपिटेट हा प्लाझ्मापासून काढलेला, फायब्रिनोजेन दाट असलेला रक्तघटक लागतो.

तरीही माझी पहिली मागणी यंत्राची नाही, काचेच्या टेस्ट ट्यूबची आहे. कोरड्या, स्वच्छ, साध्या काचेच्या नळीत शिरेतले दोन मिली रक्त घ्यायचे, ऊब राहावी म्हणून नळी मुठीत धरायची, चार मिनिटांनी हलकेच तिरपी करून पाहायची आणि मग दर मिनिटाला तसेच. सात मिनिटांतही गुठळी धरली नाही, किंवा धरलेली सहज फुटली, तर रक्ताची गोठण बिघडल्याचा संशय घ्यायचा. ही नळी फायब्रिनोजेनचा आकडा सांगत नाही, पण ग्रामीण रुग्णालयाने बाळंतिणीला पुढे पाठवताना कोणते रक्तघटक तयार ठेवायला सांगायचे, एवढे नक्की सांगते. सर्पदंशासाठी अशीच वीस मिनिटांची चाचणी आपल्याकडे रुळलेली आहे. अडचण एवढीच, की प्लॅस्टिकच्या व्हायल आल्यापासून काचेच्या नळ्या साठ्यातून हळूहळू गायब झाल्या. लाल झाकणाच्या व्हायलमध्ये बहुधा रक्त लवकर गोठवणारा पदार्थ असतो, त्यामुळे ती इथे फसवते. डिटर्जंटने धुतलेली जुनी नळीही फसवते. प्रत्येक प्रसूतीकक्षात न वापरलेल्या काचेच्या नळ्यांचा डबा आणि भिंतीवर घड्याळ असावे.

यंत्रे धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत द्यावीत. ही महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत याची मला कल्पना आहे. बाळंतिणीला मात्र दोन विभाग ठाऊक नसतात. खरेदीच्या आदेशातच पाच वर्षांची रसायने, देखभाल आणि रात्रपाळीच्या तंत्रज्ञाची तरतूद असावी, कारण कार्ट्रिज संपल्यामुळे कापड पांघरून ठेवलेली यंत्रे मी नोकरीत पुष्कळ पुसली आहेत. त्याच आदेशात तिन्ही ठिकाणच्या रक्तपेढ्यांत क्रायोप्रेसिपिटेटचा किमान साठा किती असावा, हेही लिहून द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शहादा