“घोडी बिथरली” एवढंच छापू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

लग्नसराई सुरू झाली की जिल्हा पानावर एक बातमी ठरलेलीच असते, वरातीत घोडी बिथरली, नवरदेव पडला, दोघंतिघं जखमी, आणि खाली कुणीतरी सांगतं की घोडी आधीपासनंच मस्तीखोर होती. झाली बातमी. घोडी कुठली, कुणाकडनं घेतलेली, आधी काय काम करायची, डीजेची गाडी तिच्या शेपटीपासनं किती लांब होती, यातलं काहीच नसतं. गाडीचा अपघात झाला तर टायर फुटला का ब्रेक लागला नाही एवढं तरी लिहिता की. पत्र जरा लांबलंय, जागा कमी असेल तर कापा, पण आमच्या जनावरांबद्दलचा भाग कापू नका प्लीज.

आम्ही फलटण तालुक्यातले. थोडी शेती आणि सासऱ्यांची पाच घोडी, सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. लग्नाचा परण्या म्हणजे नवरदेवाची घोड्यावरची मिरवणूक, जत्रा, शिवजयंतीला शाळेच्या मिरवणुकीत महाराज झालेलं पोरगं बसवायला, असं काम मिळतं. माझ्या माहेरी दारात शेळीसुद्धा नव्हती, त्यामुळं घोडा म्हणजे घोडा, त्याला अजून काय असतं, असंच डोक्यात होतं. इथं पाचही एकाच दावणीला, एकच कडबा, एकच भिजवलेला हरभरा, आणि स्वभाव विचाराल तर एकाचा दुसऱ्याला मेळ नाही.

वयानं सगळ्यात मोठी गंगी. ही धनगराच्या वाड्यातली, भीमथडी जातीची, बुटकी, पोट सुटलेली, फोटोत अजिबात चांगली येत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडचे मेंढपाळ कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या आधी परत वर येतात, तेव्हा पाल, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि वर झोपलेलं एखादं लेकरू असा सगळा संसार ह्या तट्टांच्या पाठीवर असतो आणि दोर बहुतेक वेळा बाईच्याच हातात असतो. गंगीनं उमेदीची सगळी वर्षं तेच केलं. मग तिच्या मालकाच्या, त्या धनगरमामांच्या पोरानं पिकअप घेतला, सामान त्यात जायला लागलं आणि गंगी आमच्याकडं आली. हायवेच्या कडेनं चालून चालून आता अंगावर ट्रक आला तरी ती कान हलवत नाही, कुत्री पायात आली तरी नाही. फक्त लांबनं मेंढरांचा आवाज आला, घुंगरं वाजली की ती जागेवर राहत नाही, दावं ताणून असं खिंकाळते की अख्ख्या वस्तीला कळतं कळप चाललाय.

आणि कळपात हुकूम हिचा. नर राज्य करतो असं सगळ्यांना वाटतं पण पाण्याला आधी कोण जाणार, पाटी कुणाची, हे जुनीजाणती घोडी ठरवते, आणि ठरवते म्हणजे नुसते कान मागं पाडते, बास, तिच्यापेक्षा दोन वीत उंच घोडा गपगुमान बाजूला होतो. ह्या भीमथडीची अलीकडंच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्यावर बसून दख्खन तुडवत फिरल्या ती हीच चण. पण बाजारात आजही तिला कुणी विचारत नाही, उंची नाही ना.

दुसरा साहेब. हा रेसचा, थरोब्रेड, कागदावर लांबलचक इंग्रजी नाव आहे ते आमच्यात कुणाला नीट म्हणता येत नाही. रेसचे घोडे दोन वर्षांचे असतानाच पळायला लागतात, म्हणजे हाडं पुरती भरायच्या आधीच, आणि बऱ्याच जणांचं करिअर चारपाच वर्षांत संपतं. घोडा जगतो पंचवीस तीस वर्षं. मधल्या वर्षांचं काय हा प्रश्न रेसचा रिझल्ट छापणाऱ्या पानावर मी तरी कधी वाचला नाही. साहेब पुण्यात आणि मुंबईत पळाला, मग पुढच्या पायाची शीर दुखावली, मग एका रायडिंग क्लबात गेला, तिथनं अण्णांच्या ओळखीत. आला तेव्हा त्याला कडबा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, हुंगायचा आणि आमच्याकडं बघायचा. दिवसातला बहुतेक वेळ एका खोलीत उभं राहायची सवय, त्यामुळं बांधला की जागच्या जागी डावीउजवीकडं डुलत बसतो, तासन् तास. बघणाऱ्याला वाटतं मजेत आहे. डॉक्टरांनी सांगितलं की कोंडलेल्या जनावराला लागलेली सवय आहे ही, आता मोकळं सोडलं तरी पूर्ण जाईलच असं नाही. मोकळा असला की खूप कमी डुलतो एवढं खरं.

गर्दी, टाळ्या, लाउडस्पीकर याचं साहेबाला काही नाही, सगळं आयुष्य तेच ऐकलंय, पण शेळीला घाबरतो. आणि शेजारी कुणी बरोबरीनं आलं की पळायचं हे त्याच्या अंगात एवढं भिनलंय की बाजूनं मोटरसायकल आली तरी तो चाल वाढवतो, वर कोण बसलंय याचा विचार नाही. म्हणून अण्णा त्याला वरातीला देतच नाहीत. एकानं डबल पैसे देतो म्हणून सांगितलं, रुबाबदार दिसतो म्हणे, अण्णांनी दिला नाही. असा घोडा दुसऱ्या कुणी दिला असता आणि काही झालं असतं तर तुमच्याकडं बातमी आली असती, घोडा बिथरला.

चांदणीचं लिहिताना मला राग येतो, सांभाळून घ्या. नुकरी, पांढरीशुभ्र, कातडी गुलाबी, उन्हात नाकाचा शेंडा भाजतो तिचा, आम्ही खोबरेल लावतो. लग्नाला सगळ्यांना हीच पाहिजे असते. अण्णांनी घेतली तेव्हा विकणाऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, नाचरी आहे. आणि खरंच, ढोल वाजला की ही पुढचे पाय आलटून पालटून उचलायला लागते, लोक शिट्ट्या मारतात, नोटा ओवाळतात. आता जवळ जाऊन बघा, कान मागं चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, मानेवर घाम. ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांना जुने वण आहेत, काटेरी लगामाचे. काटेरी लगाम वापरायला १९६५ च्या नियमांपासनं बंदी आहे, ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीचे केंद्र सरकारचे नियम आहेत ते, तरी जत्रेत लगाम विकणाऱ्याच्या दुकानात हात घालून बघा काय काय मिळतं. सगळेच नाच असा शिकवतात असं मी म्हणत नाही. पण हिला कसा शिकवला ते हिच्या तोंडावर लिहिलंय.

आमच्याकडं आल्यावर अण्णांनी साधा गुळगुळीत लगाम लावला, आणि ढोलाला नेणंच बंद केलं, आता फक्त सनईवाल्या नाहीतर बिनआवाजाच्या परण्याला. असे परण्ये किती निघतात ते तुम्हीच सांगा. त्यामुळं सगळ्यात सुंदर घोडी सगळ्यात कमी कमावते, आणि सासूबाई अधूनमधून तसं बोलून दाखवतात, आणि हिशोब बघितला तर त्यांचं चूक नाही.

इथंच जरा सांगते. घोड्याला आपल्यापेक्षा बारीक आवाज ऐकू येतात आणि कान तो दोन्ही दोन दिशांना फिरवू शकतो. डोळे बाजूला असल्यानं त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त बरोब्बर मागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. आणि आपण काय करतो, त्याच्या बरोब्बर मागं डीजे लावतो आणि नाकासमोर फटाक्याची माळ. पळून जीव वाचवणारं जनावर आहे ते, लाखो वर्षांचं. आमच्याच तालुक्यात चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, अंकलीहून आलेले अश्व धावतात आणि त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, मीही लावते. त्यातलीच मंडळी पुढच्या लग्नात घोडीच्या पायात सुतळी बॉम्ब टाकून हसतात.

चौथा नाटक्या. मारवाडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात ना तसला, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतनं आणलेला. आणायला माझे दीर गेले होते. यात्रेत लोक काय बघतात तर भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वलयं, देवमण म्हणजे गळ्याखालचा शुभ मानलेला भोवरा आहे का, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरा आहे का, कुठला भोवरा मालकाला खातो. पाय कसा टाकतो, दात काय सांगतात, खूर चिरलाय का, हे बघणारे कमी. दिरांनी पण भोवरेच बघितले. नाटक्याला देवमण आहे आणि शिस्त नाही. नंतर फोनवर कळलं की त्याची आई तो लहान असतानाच गेली, माणसांनी बाटलीनं वाढवला, दुसरं घोडं आसपास नव्हतं. अशा शिंगराला वाटतं माणूस हाच आपला भाऊबंद. लहान असताना तो खांद्यावर पाय टाकतो ते गोड वाटतं, तीन वर्षांचा झाला की तोच पाय बरगडी मोडतो. गंगीनं पहिल्या आठवड्यात त्याला दोन लाथा आणि एक चावा दिला, मग खच्चीकरण झालं, आणि आता तो बरा आहे, म्हणजे कडी उघडून पेंडीच्या पोत्यापर्यंत जातो, छत्री उघडली की भूत बघितल्यासारखा उडतो, पण माणसाला ढकलत नाही. माणसांचं ऐकून सुधारला असता असं मला वाटत नाही, त्याला घोड्यांतच वाढायला पाहिजे होतं.

पाचवी टिकली, चांदणीची पोर, आमच्याच गोठ्यात जन्मलेली. अकरा महिने वाट बघितली आणि व्याली ती रात्री सगळे झोपल्यावर, घोड्या बहुतेक असंच करतात. तासाभरात शिंगरू उभं. तिला अजून मागचं काही नाही. मोठ्यांसमोर गेली की मान लांब करून दात वाजवते, मी लहान आहे मारू नका असं सांगायची शिंगरांची पद्धत आहे ती. अण्णांनी ठरवलंय की तिला ढोल ऐकवायचा तो लांबनं, गंगीच्या शेजारी उभी करून, चारा खाताना, आणि हळूहळू जवळ. गंगी चरत राहिली की टिकलीपण चरत राहते.

२०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टू होते, २०१९ ला ३.४ लाख. सात वर्षांत जवळपास निम्मे गेले. जे उरलेत त्यातले कितीतरी असेच एका कामातनं दुसऱ्या कामात, एका दावणीवरनं दुसरीवर विकले जातात आणि प्रत्येक वेळी मागची माहिती गळून पडते. नवीन मालकाला उंची, रंग, किंमत माहीत असते. तुमच्या पेपरलाही तेवढंच माहीत असतं, दत्तजयंती आली की सारंगखेड्यात इतक्या लाखांचा घोडा, अमुक इंच उंची, रोज एवढं दूध, एवढं तूप आणि अंडी खातो म्हणे. घोड्याला अंडी कशाला लागतात हे एकदा पशुवैद्यकीय डॉक्टरला विचारून छापा खरं तर.

तर मागणी दोनच आहेत. एक, घोडी बिथरल्याची बातमी आली की बातमीदारानं मालकाला फोन करून विचारावं, आधी कुठं होती, वरातीचं काम किती दिवस करते, मागं आवाज काय होता, लगाम कुठला होता. आणि दोन, यंदा सारंगखेड्याला नाहीतर अकलूजच्या घोडेबाजाराला तुमचा माणूस गेला की किमतीच्या जोडीला विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा, हा का विकताय? उत्तर देताना कोण कसं अडखळतं तेपण लिहा.

आपली एक वाचक,
ता. फलटण, जि. सातारा