न्येरेरेंचा समाजवाद: हेतू चांगला, जबरदस्ती चुकीची

संपादक महोदय,
समाजवादाचा विषय निघाला की लोक एकतर डोक्यावर घेतात नाहीतर सरळ शिव्या घालतात, पण टांझानियात नेमकं काय झालं ते कुणी नीट बघतच नाही. 1961 ला टांगानिका स्वतंत्र झाला, 1964 ला झांझिबार जोडलं जाऊन टांझानिया देश झाला आणि 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर, म्हणजे समाजवादी धोरणाच्या घोषणेनंतर, राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरेंनी बँका सरकारी केल्या. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नेत्यांवरचे नियम, म्हणजे कंपनीत शेअर्स नकोत, दोन पगार नकोत, घर भाड्याने देऊन कमाई नको. असं स्वतःच्याच पक्षाच्या लोकांना सांगायला हिंमत लागते हो! शाळा आणि साक्षरतेचं कामही खरंच मोठं झालं.

पण उजामा गावांचं, म्हणजे विखुरलेल्या शेतकऱ्यांना एकत्र वसवून सामूहिक शेती करायच्या गावांचं काय? आधी लोकांनी आपणहून यायचं असं होतं, मग 1973 पासून सक्ती सुरू झाली, काही ठिकाणी तर जुनी घरं पाडली, जाळली, आणि माणसं नव्या गावात नेऊन टाकली जिथून शेत लांब, पाणी लांब. त्यात 1976 ला शेतकऱ्यांचे सहकारी संघच बरखास्त केले, माल घेणार सरकारी संस्था, भाव कमी आणि पैसे उशिरा, मग शेतकरी कशाला जास्त पिकवेल? माझ्या मते धोरण तिथेच फसलं, शेतकऱ्याला विचारलंच नाही.

– एक वाचक