दिल्या, गुडघा नव्हे, खुबा दाखव

रामबाग, इंदूर

प्रिय दिलीप,

‘गुडघ्याला तेल लावतोय, फिरणं बंद केलंय’ हे तुझं वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही. मोजा घालताना वाकवत नाही, रिक्षात चढताना जांघेत कळ येते, हेही तूच लिहिलंयस. अरे, हे सगळं मी भोगलंय. गुडघा राहू दे, आधी खुबा दाखव.

मी वर्षभर गुडघाच धरून बसलो होतो. एक्स-रे, पट्टा, गोळ्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गणपतीत आरतीनंतर पंगतीला मांडी घालून बसता येईना, तेव्हाच कळायला हवं होतं. शेवटी एका डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय गुडघ्यात वाकवला आणि पाऊल हळूच बाहेर नेलं, तर जांघेत अशी कळ गेली की मी ओरडलोच. खुबा आणि गुडघा या दोघांकडे एकाच नसेचे फाटे जातात, म्हणून खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं.

मग खुब्याचा एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या वाटीत फिरतो, दोन्हींवर गुळगुळीत कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, असते. ती फिल्मवर उमटत नाही, नुसती मधली फट दिसते. माझी उजवीकडची फट वरच्या बाजूला जवळजवळ मिटली होती, म्हणजे तिथली कूर्चा झिजली होती, आणि वाटीच्या काठाला हाडाची नवी टोकं उगवली होती. ती म्हणजे शरीराने आपल्या परीने केलेली डागडुजी.

मला वाटायचं, सांधा टायरसारखा वापरून झिजतो. तसं नाही रे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. वजन पडलं की ती दाबली जाते, सुटलं की सांध्यातलं वंगण शोषून घेते. तेच तिचं अन्न. चालणं सोडलंस तर ती उपाशीच राहणार. तिच्यात मज्जातंतूही नसतात, त्यामुळे दुखायला लागेपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असू शकते. वय, वजन, जुनी इजा, जन्मतः उथळ वाटी, घराण्यातून आलेलं, अशी कारणं एकात एक मिसळतात. आई शेवटी शेवटी लंगडायची आणि आम्ही ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचो. ते अजून मनाला लागतं.

माझं दुखणं उजवीकडे, पण काठी डाव्या हातात. शेजारचे टोकतात, तरी तेच बरोबर आहे. साध्या चालण्यातही खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, आणि उलट्या हातातल्या काठीने तो उतरतो. फिजिओने शिकवलेले कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम रोज करतो. आता नेहरू पार्कला दोन फेऱ्या होतात. ऑपरेशनचं नाव ऐकून घाबरू नकोस. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून ते तंत्र चांगलंच रुळलंय. माझी वेळ अजून आलेली नाही. दुखण्याने रात्रीची झोप मोडायला लागली की बोलू, असं डॉक्टर म्हणाले.

या आठवड्यात दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढ आणि फिल्मचा फोटो पाठव. थंडीत इकडे ये. खालची खोली तुझ्यासाठी ठेवतो, तिथे जिना चढावा लागत नाही आणि कमोडही आहे.

तुझा,
अरुण