शनिवारच्या अंकात दोन आकड्यांपुरती जागा द्यावी

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या शनिवारच्या नाशिक आवृत्तीत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांशेजारी त्या दिवसाचा 'जिओहॅश' बिंदू, म्हणजे अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे, छापावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जिओहॅशिंग हा भटकंतीचा एक खेळ आहे. अमेरिकी व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी तो मे २००८ मध्ये 'एक्सकेसीडी' या आपल्या चित्रमालिकेतून मांडला. तारीख आणि डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर निर्देशांकाचा बाजार उघडतानाचा आकडा एकत्र करून एमडी५ या संगणकीय सूत्रात घातले की जी संख्या मिळते, तिचे दोन भाग करून ते अक्षांश-रेखांशांच्या दशांश चिन्हापुढे लावतात. त्यामुळे एक अंश लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात रोज एक नवा बिंदू ठरतो. तो कोणी निवडलेला नसतो आणि फार आधी कोणाला कळतही नाही. शनिवारी दुपारी चार वाजता जे तिथे पोहोचतील, त्यांनी एकमेकांना भेटावे, असा प्रघात आहे.

नाशिकमध्ये हा खेळ खेळणारे फारच थोडे आहेत. नवा माणूस हौसेने सुरुवात करतो, एक-दोन वेळा एकटाच जाऊन येतो, कोणी भेटत नाही म्हणून हिरमुसतो आणि सोडून देतो. परंतु माझ्या मते माणसे कमी आहेत यापेक्षा, जी आहेत ती एकाच ठिकाणी जात नाहीत, ही आपल्याकडची मोठी अडचण आहे आणि तिचे कारण आपल्या शहराच्या जागेतच आहे. वीस अंश उत्तर अक्षांशवृत्त थेट नाशिकमधून जाते. रामकुंड त्याच्या उत्तरेला येते, तर नाशिकरोड स्थानक दक्षिणेला. पंचवटीत राहणाऱ्याचा चौकोन त्यामुळे दिंडोरी, पेठ, सुरगाणा ओलांडून गुजरातच्या डांगपर्यंत जातो आणि नाशिकरोडकराचा चौकोन इगतपुरी, कळसूबाईवरून पार बदलापूरपर्यंत उतरतो. दोन्ही चौकोनांतले बिंदू एकमेकांपासून बरोबर एक अंश, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर दूर असतात. एकाच गावातली दोन माणसे एकाच शनिवारी मोठ्या उमेदीने घराबाहेर पडली, तरी त्यांची गाठ पडणार कशी?

म्हणून नाशिककरांनी एक साधा संकेत पाळावा, असे मला सुचवावेसे वाटते. हे दोन चौकोन आणि त्यांच्या पूर्वेला लागून असलेले, निफाड-येवला व संगमनेर-शिर्डीकडचे दोन, अशा चारांपैकी रामकुंडाला जो बिंदू सर्वांत जवळ असेल, तोच आपला धरावा. असे केल्यास बिंदू सरळ रेषेत फार तर ७६ किलोमीटरवर जातो आणि वर्षातून साधारण २२ दिवस तो १५ किलोमीटरच्या आत येतो. अशा जवळच्या शनिवारीच नवख्यांनी सुरुवात करावी. दुचाकीवर, प्रसंगी सायकलवरही, तिथे जाता येते.

जाताना परवानगीचे भान मात्र कटाक्षाने ठेवले पाहिजे. देवळालीची लष्करी हद्द, ओझरच्या विमानतळाचा परिसर आणि राखीव जंगल इथे बिंदू पडला, तर तो दिवस सोडून द्यावा. निफाड-सिन्नरकडच्या उसात बिबट्याचा वावर असतो आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चारनंतर तिथे रेंगाळू नये. शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाला विचारणे तर हवेच. दिंडोरी तालुक्यात एकदा बिंदू द्राक्षबागेत, बांधापासून चार ओळी आत पडला होता. मोबाइलवरचा नकाशा दाखवल्यावर बागेचे मालक म्हणाले, "भाऊ, सकाळीच फवारणी झालीय, आत शिरू नका. काय बघायचं ते इथूनच बघा." आम्ही बांधावरच थांबलो. मग त्यांनीच वेलीची एक काडी हातात धरून एप्रिलच्या खरड छाटणीत काय ठेवायचे आणि ऑक्टोबरच्या छाटणीत काय काढायचे, हे समजावून सांगितले. त्या दिवसाची नोंद 'पोहोचलो नाही' अशी झाली. या खेळात तीही नोंद मानाचीच असते, आणि मला तर ती अनेक पोहोचलेल्या दिवसांपेक्षा मोलाची वाटते.

आता आपल्या दैनिकाविषयी. भारतात आदल्या दिवशीचा डाऊ जोन्सचा आकडा धरतात. न्यूयॉर्कचा बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात, त्यामुळे शनिवारचा बिंदू शुक्रवारी रात्री, अंक छपाईला जाण्यापूर्वीच, आपल्या हाती येऊ शकतो. शुक्रवारच्या त्याच आकड्यावरून रविवार आणि सोमवारचेही बिंदू निघतात, म्हणजे आठवड्यातून एकदाच हिशेब करावा लागेल. तो करून, रामकुंडाचा संकेत लावून आणि जवळच्या गावाचे नाव जोडून दर शुक्रवारी रात्री नऊपूर्वी आपल्याकडे पाठवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन. पावसाळा सरल्यावर, रस्ते आणि पायवाटा वाळल्या की, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारपासून हे सुरू करता आले तर उत्तम.

आपला विश्वासू,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक