मोबाइल एक, विद्यार्थी दोघे

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

‘तुमच्या मुलाच्या गतीने’ शिकवणाऱ्या अ‍ॅपची इंदुरात सध्या चलती आहे. पालकांनी आधी त्यामागचा हिशेब समजून घ्यावा. मुलाला काय येते याचा अंदाज बांधण्याची, कॉर्बेट आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांची १९९०च्या दशकातली पद्धत आजही वापरात आहे. तीत प्रत्येक कौशल्यासाठी चार शक्यता धरतात: आधीपासून येत असण्याची, सरावाने शिकण्याची, अंदाजपंचे बरोबर येण्याची आणि येत असून चुकण्याची. समजा, अपूर्णांकांची बेरीज येण्याची शक्यता ४० टक्के, अंदाजाची २५ (पर्याय चारच!) आणि चुकण्याची १० टक्के धरली. पहिल्याच बरोबर उत्तराला ४०चे सुमारे ७१ होतात. सलग तिसऱ्याला ९५ची नेहमीची मर्यादा ओलांडली जाते आणि धडा ‘पक्का’ ठरतो.

गोची पुढे आहे. घरात मोबाइल एकच. धाकट्याच्या खात्यावर ताई उत्तरे देते आणि अ‍ॅप दोघांना मिळून एकच विद्यार्थी समजते. वजाबाकीचे शाब्दिक उदाहरण नुसते वाचता आले नाही, तरी खापर वजाबाकीवर. १/२ + १/३ = २/५ लिहिणारा अंश-छेद सरळ मिळवतो; ही चूक वेगळी नोंदली नाही, तर पुन्हा तीच बेरीज समोर येते. नेट अडकले की वाया गेलेला वेळही मुलाच्याच नावावर मोजला जातो.

विक्रेत्याला एवढेच विचारावे: प्रत्येक मुलाचे खाते वेगळे आहे का, चुकीचा प्रकार नोंदता का, आणि शिक्षकाला अ‍ॅपने काढलेला टक्क्यांचा आकडा बदलता येतो का?

– गणिताचे काही शिक्षक, रामबाग, इंदूर